माझ्या झाडाला सुरी लावायची नाही

हॉटेलच्या चारशे बारा नंबरच्या खोलीत उतरलेली बाई जाताना कचऱ्याच्या डब्यावर एक ऑर्किड ठेवून गेली होती. डब्यात मावलं नाही म्हणून वर ठेवलेलं, एवढंच. फुलं झडलेली, दांडा वाळलेला, बुडाची दोन पानं पिवळी. रुफिना पास्क्वाने ते उचलून टॉवेलांच्या ढकलगाडीत खालच्या फळीवर ठेवलं, वर उशीचा एक अभ्रा टाकला आणि मग पलंगाच्या चादरीला हात घातला. संध्याकाळी तिने ते मॅनेजरला दाखवलं आणि घरी नेऊ का म्हणून विचारलं.

"मेलंय ते," मॅनेजर म्हणाला.

"मेलेलं असतं तर विचारलं नसतं," रुफिना म्हणाली. "जिवंत आहे म्हणून विचारतेय."

त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बेटावरच्या हिलो गावातल्या त्या हॉटेलातून तिने किती ऑर्किडं उचलली, त्याची मोजदाद नाही. पाहुण्यांना फुलं असेपर्यंतच झाड हवं असतं. लॉबीतली कुंडी सहा आठवड्यांनी बदलतात आणि जुनी मागच्या दाराशी येऊन पडते. त्याच दाराशी रुफिनाचा नवरा अन्सेल्मो पिकअप घेऊन उभा असायचा. साखर कारखाना बंद पडल्यापासून अन्सेल्मो घरीच होता. परसात त्याचे झुंजीचे कोंबडे होते, प्रत्येकाला वेगळं खोपटं. बायकोने आणलेली पानगळकी झाडं पिकअपमध्ये चढवताना तो रोज तेच म्हणायचा, "माझे कोंबडे निदान ओरडून सांगतात, आम्ही जिवंत आहोत म्हणून."

घराच्या मागच्या व्हरांड्यात साठेक कुंड्या झाल्या. रविवारी चर्चमधून आलं की रुफिना चपला दाराबाहेर काढायची, तांदळाचा कुकर लावायची आणि व्हरांड्यात शिरायची ती दुपारपर्यंत. पिवळं पान दिसलं की बहुतेकांचे हात शिवशिवतात. रुफिनाचे नाही. झाड त्या पानातला जीव हळूहळू आत ओढून घेत असतं, ते त्याला घेऊ द्यायचं, असं तिचं म्हणणं. पान कागदासारखं झालं की मग ती टोकाशी नखाने चीर द्यायची, मधल्या शिरेवरून बुडापर्यंत पान फाडायची आणि दोन अर्धुकं दोन बाजूंना ओढायची, गाढ झोपलेल्या मुलाच्या अंगातला सदरा काढावा तशी. कात्री नाही, सुरी नाही. एक झाड झालं की भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच दुसऱ्याला शिवायचं.

"साठ झाडं, साठ वेळा हात," अन्सेल्मो कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणायचा. "डॉक्टरीणबाई, ऑपरेशन कितीला संपणार? मला भूक लागलीय."

हे तिला कुणी शिकवलं असं नाही. एकोणतीस वर्षं ती रोज चौदा खोल्या साफ करत होती. लाल फडकं संडासाचं, निळं आरशाचं, पांढरं पाण्याच्या ग्लासांचं, आणि खोली बदलली की सगळी फडकी बदलायची. एकदा एका नव्या मुलीने लाल फडक्याने ग्लास पुसला. पुसून वर ती म्हणाली, "पण आंटी, चमकतोय की." रुफिनाने त्या खोलीतले आठही ग्लास कचऱ्यात घातले आणि खाली जाऊन मॅनेजरला सांगितलं, माझ्या पगारातून कापा. त्यानंतर त्या मजल्यावर कुणी लाल फडकं ग्लासाला लावलं नाही. शिवाय दोन हिवाळे तिने सुट्टीच्या दिवशी एका नर्सरीत काम केलं होतं. तिथला मालक प्रत्येक झाडाला नवं ब्लेड द्यायचा आणि वापरलेलं डब्यात टाकायला लावायचा. का, ते त्याने एकदाच सांगितलं होतं. ऑर्किडला एक रोग होतो, तो चिकातून पसरतो, त्याला औषध नाही. रुफिनाला लगेच पटलं. लाल फडकंच की ते.

ऑर्किडवाल्यांच्या मंडळात ती गेली ती क्लॉडेट फुर्तादोमुळे. क्लॉडेट मंडळाची सेक्रेटरी. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाली होती, पण आवाज अजून शाळेच्या पटांगणाएवढा. चर्चच्या जेवणात तिने रुफिनाच्या झाडांचे फोटो पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, ही कचऱ्यातली? मग तू आमच्यात हवीसच."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी, जुन्या ऊस-कामगार वस्तीतल्या हॉलमध्ये मंडळ भरायचं. तीसेक माणसं, बहुतेक जपानी घराण्यांतली, चार पोर्तुगीज, आणि आता एक फिलिपिनो, इलोकानो बोलणाऱ्या घरातली रुफिना. चर्चा व्हायची, खाणं व्हायचं, आणि शेवटचा अर्धा तास अंकलच्या टेबलाचा असायचा.

अंकल म्हणजे मित्सुगी नाकाशिगे. वय चौऱ्याऐंशी. टेबलावर पांढरा टॉवेल पसरलेला, त्यावर वडिलांची छोटी सुरी. मळ्याच्या साहेबाच्या बागेत वडील तीच सुरी वापरायचे. लोक आपापल्या कुंड्या घेऊन रांग लावायचे. अंकल कुंडी फिरवून बघायचे, झाडाच्या मालकाची थोडी टिंगल करायचे, आणि एका हलक्या झटक्यात पिवळं पान उडवायचे. सुरी टॉवेलला पुसायची, पुढचं झाड. नव्या सभासदाचं पहिलं पान अंकलनी कापलं की तो खरा सभासद झाला, असं मानायचे.

आणि एक गोष्ट होती. अंकलच्या घरी वडिलांनी लावलेलं एक जांभळं ऑर्किड होतं, त्याच्या फुलांवर गडद रेघा असायच्या, कुणी रंगाचा कुंचला झटकावा तशा. पुढे पुढे ज्यांची झाडं वर्षानुवर्षं अंकलच्या टेबलावर येत होती, त्यांच्याही फुलांवर तशाच रेघा उमटायला लागल्या. सगळे म्हणायचे, अंकलच्या हाताचा गुण आहे. ज्याच्या फुलावर रेघ आली तो मंडळाला केक आणायचा.

रुफिनाने पहिल्याच सोमवारी ती रांग बघितली, सुरी बघितली, टॉवेल बघितला. घरी आली आणि गप्प बसली. त्यानंतर दोन वर्षं ती मंडळात पिवळं पान नसलेलंच झाड न्यायची. अंकलचं टेबल सुरू झालं की आतल्या स्वयंपाकघरात कॉफी करायला शिरायची. मागचं आवरणंही तिच्याच अंगावर पडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको असंही म्हटलं नव्हतं.

या वर्षी मात्र चारशे बाराच्या झाडाला एकदम चार दांडे आले. पांढरीशुभ्र फुलं, एकेका दांड्यावर दहा-बारा. क्लॉडेटने घरी येऊन बघितलं आणि खुर्चीतच बसली. "प्रदर्शनाच्या मधल्या टेबलावर हे. दुसरं काही नाही. सोमवारी हॉलवर घेऊन ये."

"सोमवारी कशाला? प्रदर्शन पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी आहे."

"बुडाची दोन पानं पिवळी पडतायत बघ. अंकल काढतील. प्रदर्शनातलं प्रत्येक झाड अंकलच्या हाताखालून जातं, तुला माहीत नाही? आणि पुढच्या वर्षी तुझ्याही फुलांवर रेघ येईल, म्हण!"

रुफिनाने दोन्ही पानं बोटांनी चाचपली. झाड मात्र सोमवारी घेऊन गेली. सगळ्यांनी ते बघावं असं तिला मनापासून वाटत होतं. हॉटेलात तिचं काम चांगलं झालं की ते कुणाला दिसतच नाही. इथे दिसणार होतं.

टेबल सुरू झालं. ती कॉफी करायला निघाली, तर क्लॉडेटने कुंडी उचलून रांगेत शेवटी, आठ जणांच्या मागे ठेवलीसुद्धा. रुफिना कुंडीमागे उभी राहिली. एकेक पान टेबलाखालच्या बादलीत पडत होतं. तिची पाळी आली. अंकलनी चष्मा कपाळावर चढवला.

"वा! ही कुणाची राणी?"

"माझी, अंकल."

"आणि इतकी वर्षं कॉफी पाजत होतीस होय आम्हाला!" लोक हसले. अंकलनी सुरी उचलली.

रुफिनाने कुंडीवर आडवा हात धरला. "अंकल, सुरी नको."

"अगं, दुखत नाही त्याला."

"तुम्ही आत्ता आठ झाडं कापलीत तिने."

"पुसली की. प्रत्येक वेळी पुसतो."

"पुसून जात नाही. माझ्या झाडाला सुरी लावायची नाही."

अंकलचा हात टॉवेलवर तसाच राहिला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हॉटेलात खोल्या झाडते आणि अंकलना शिकवते." रुफिनाने मागे वळून बघितलं. कोण ते कळलं नाही, तेव्हा तिने सगळ्यांनाच सांगितलं.

"हो, झाडते. म्हणूनच सांगतेय. एका खोलीचं फडकं दुसऱ्या खोलीत नेलं तर मला कामावरून काढतील. इथे केक आणता."

क्लॉडेटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "रुफिना! अंकलचा अपमान करतेस? साठ वर्षं झाली त्यांना."

"मी त्यांचा अपमान करत नाही. माझं झाड सांभाळते."

"मग ऐक. पिवळं पान असलेलं झाड प्रदर्शनात लागत नाही. प्रदर्शनाच्या सकाळी झाड घेऊन ये, अंकलची माफी माग, त्यांना पानं काढू दे. नाहीतर प्रदर्शनही नाही आणि सोमवारही नाही."

अंकलनी सुरी पुसून टॉवेलवर ठेवली आणि कुंडी तिच्याकडे सरकवली.

लोक गेल्यावर मागचं आवरायला रुफिनाच राहिली. क्लॉडेटने ते आवरणं मात्र बंद केलं नव्हतं. टेबलाखालच्या बादलीत आठ पानं होती. ती कचऱ्यात ओतता ओतता रुफिना थांबली. मग प्रत्येक पान वेगळ्या पिशवीत घातलं, आणि दर वेळी हात धुतले.

"हे काय फ्रिजमध्ये?" दुसऱ्या दिवशी अन्सेल्मो ओरडला. "माझ्या खारवलेल्या माशांशेजारी हा पालापाचोळा?"

"पुरावा आहे."

"मंडळ आहे की कोर्ट? अगं, पान आहे ते. काढू दे म्हाताऱ्याला. दोन शब्द माफीचे, झालं. तुला तिथे जायला आवडतं. सोमवारी तू केस विंचरतेस, लिपस्टिक लावतेस. माझ्यासाठी कधी लावली नाहीस."

"अन्सेल्मो, तिकडच्या गल्लीत कोंबड्यांना रोग आला होता तेव्हा तू काय केलंस?"

अन्सेल्मोने परसातल्या खोपट्यांकडे बघितलं.

"सख्ख्या भावाला फाटकाच्या आत येऊ दिलं नाहीस. त्याचे बूट बाहेर काढायला लावलेस, आणि वर म्हणालास, तू भाऊ आहेस पण तुझे बूट माझे भाऊ नाहीत. तो वर्षभर बोलला नाही तुझ्याशी."

"ते कोंबडे होते."

"हे माझे कोंबडे आहेत," ती म्हणाली.

त्याने फ्रिजचं दार हळूच लावलं आणि खारवलेले मासे दुसऱ्या खणात ठेवले.

तपासायच्या पट्ट्या तिने मेनलँडवरून, समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरून, मागवल्या, त्या यायला आठवडा लागला. पाकिटात दहा होत्या. पानाचा तुकडा छोट्या पिशवीतल्या पाण्यात चेचायचा, पट्टी बुडवायची, थोडा वेळ थांबायचं. एक रेघ आली तर झाड निरोगी, दोन आल्या तर रोगी. बुधवारी दुपारी कामावरून आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. अन्सेल्मो बघायला उभा राहिला आणि त्याला हसू आवरेना.

"या पट्ट्या मी ओळखतो! आपल्या लेकीच्या, जॉसलिनच्या वेळी अशीच पट्टी घेऊन तू न्हाणीघरात बसली होतीस. तेव्हाही दोन आल्या होत्या."

"तेव्हाही तू काही कामाचा नव्हतास. घड्याळ बघ."

पहिली पट्टी तिने आपल्या झाडाला लावली. हिरव्या पानाचा नखभर तुकडा. त्या दहा मिनिटांत तिने पट्टीवरून नजर हलवली नाही. अन्सेल्मोनेही घड्याळावरून नाही. एक रेघ आली. ती तशीच राहिली. रुफिनाने श्वास सोडला आणि बादलीतल्या पानांना हात घातला. आठांपैकी सहा पट्ट्यांवर दोन रेघा आल्या, ठळक, वाद घालायला जागा न ठेवणाऱ्या. अन्सेल्मोचं हसू केव्हाच गेलं होतं.

"सहा," तो म्हणाला. "आता काय करणार तू?"

"अंकलना जाऊन सांगणार. आधी त्यांना. मग बाकीच्यांना."

गुरुवारी ती अंकलच्या घरी गेली. अंकल जाळीच्या मांडवात होते, त्या जांभळ्या ऑर्किडला पाणी घालत होते. फुलं ऐन भरात, रेघांनी भरलेली. रुफिनाने पिशवीतून सहा पट्ट्या काढून त्यांच्यासमोर बाकावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"हे पोरीबाळींना दिवस गेले का ते बघायचं असतं ना?"

"बादलीतल्या पानांचं आहे, अंकल. त्या सोमवारची आठ पानं, त्यातली सहा रोगी. माझ्याकडे एक पट्टी उरलीय. तुमच्या या झाडाला लावू?"

"या झाडाला काय झालंय? बघ की, कसं फुललंय."

"फुलतं. रोग असला तरी फुलतं. रेघा उमटतात फुलांवर."

अंकलना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसं त्यांनी पाण्याचा झारा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "माझ्या वडिलांची सुरी आहे ती."

"तुमच्या वडिलांशी माझं भांडण नाही."

"तू जा आता," ते म्हणाले.

ती गेली. पट्ट्या तिथेच सोडून गेली.

शनिवारी सकाळी हिलोचा नेहमीचा भुरभुर पाऊस होता. रुफिना चारशे बाराचं झाड छातीशी धरून पिकअपमधून उतरली. पानं अजून पिवळीच होती. बुडाशी हिरवा रंग उरला होता, म्हणजे झाडाचं घेऊन झालं नव्हतं. हॉलच्या दारात क्लॉडेट हातात यादी घेऊन उभी.

"आलीस! मला वाटलंच होतं. अंकल आत बसलेत. जा, माफी माग."

"मी झाड लावायला आलेय. माफी मागायला नाही."

"पानं काढलीस?"

"नाही. तयार झाली नाहीत."

"मग तुझ्या हाताने तरी काढ! तुझी ती फाडायची पद्धत आहे ना? मी डोळे मिटते. देवाशप्पथ, मिटते. दोन पानं, रुफिना!"

हे सोपं होतं. रुफिनाने क्षणभर पानांकडे बघितलं. दोन नखं लावली असती तर झालं असतं, आणि मधलं टेबल दारातूनच दिसत होतं, वर पांढरी चादर, मोकळं. "चार दांडे पेललेत याने," ती म्हणाली. "अजून यातून खातंय. तुझ्या टेबलासाठी मी याच्या तोंडातून घास काढणार नाही."

"मग आत नाही."

"बरं."

ती परत वळली. अन्सेल्मोला म्हणाली, मागची फळी पाड. त्याने पिकअपची मागची फळी पाडली, कोंबड्यांच्या खाद्याची पोती आत सरकवली आणि वरून ताडपत्री ताणली. तिने झाड फळीवर मधोमध ठेवलं, बाजूला साबणाच्या पाण्याची बादली आणि उरलेली ती एक पट्टी. मग प्रदर्शनाला कुंडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती अडवून सांगायला लागली.

"गुड मॉर्निंग. आत सुरी लावू देऊ नका. सोमवारची आठ पानं मी तपासली, सहा रोगी निघाली. तुमचंही त्यात असेल, नसेल. हात धुवा, मग आत जा."

काही हसले. काही मान खाली घालून पुढे गेले. दोघी थांबल्या, कुंड्या घट्ट धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं, कारण क्लॉडेट पावसातच तरातरा आली.

"तू दोन वर्षं येतेयस. पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"आणि तू काय केलंस? स्वयंपाकघरात लपलीस! स्वतःची झाडं वाचवलीस आणि आमची रांगेत जाऊ दिलीस! माझी चौदा झाडं गेलीत त्या टेबलावर या दोन वर्षांत. कॉफी विचारायला बाहेर येत होतीस तेव्हा तोंडाला कुलूप होतं?"

रस्त्यातली माणसं थांबली. अन्सेल्मोने ताडपत्रीचं टोक धरून दुसरीकडे बघितलं. रुफिनाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"हो," ती म्हणाली. "लपले. मला इथे यायचं होतं, म्हणून गप्प बसले. ते वाईट केलं मी. त्याची माफी मागते, क्लॉडेट, तुझी, आणि तुमची सगळ्यांची. पण सुरीला अडवलं त्याची मागणार नाही."

क्लॉडेटला हे अपेक्षित नव्हतं. ती यादी छातीशी धरून भिजत उभी राहिली.

तेवढ्यात अंकल बाहेर आले. दोन्ही हातांत ते जांभळं झाड होतं. वाट देण्यासाठी लोक बाजूला झाले. त्यांनी कुंडी फळीवर ठेवली, रुफिनाच्या झाडापासून हातभर लांब, आणि म्हणाले, "लाव तुझी पट्टी."

"अंकल, इथे? सगळ्यांसमोर?"

"मी सगळ्यांसमोरच कापतो."

रुफिनाने हात धुतले. पानाचा तुकडा नखाने तोडला, चेचला, पट्टी बुडवली. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. अन्सेल्मो घड्याळ बघून मिनिटं सांगत होता, कुणी विचारलेलं नसताना. सातव्या मिनिटाला दुसरी रेघ दिसायला लागली. दहाव्याला ती पहिलीपेक्षा ठळक होती.

अंकलनी पट्टी हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली. "म्हणजे ते केक," ते म्हणाले आणि पट्टी फळीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "जाळायचं का हे?"

"नाही. का जाळायचं? पाहुणा आजारी पडला तर आम्ही त्याला जाळत नाही. वेगळी खोली देतो, वेगळी फडकी देतो. घरात एकटं ठेवा, त्याच्यानंतर हात धुवा. फुलेल अजून वीस वर्षं."

"वीस वर्षं मी कुठे असणार आहे?"

"मग ज्याला द्याल त्याला सांगून द्या."

त्यांना हसू आलं की काय, नीट कळलं नाही. त्यांनी कुंडी उचलली आणि हॉलकडे न जाता सरळ आपल्या गाडीकडे गेले. परत येऊन आत शिरले. दारातून दिसत होतं ते सगळ्यांनी बघितलं. अंकलनी टॉवेलची घडी घातली, त्यात सुरी गुंडाळली आणि टेबल भिंतीला लावून ठेवलं. मग रिकाम्या खुर्चीत बसले आणि कुणीतरी पुढे केलेली मुसुबी, भाताची ती गुंडाळी, खायला लागले.

क्लॉडेट धावत बाहेर आली. "अंकलनी टेबल बंद केलं! चाळीस झाडं आलीयत, निम्म्यांना पिवळी पानं आहेत, दोन तासांत परीक्षक येतोय. आता काय करायचं?"

"वाळलेली असतील ती हाताने काढता येतात. मी दाखवते. एका झाडाला एक माणूस, मधे हात धुवायचे. जी वाळली नसतील ती राहू देत."

"पिवळी राहू दे? प्रदर्शनात?"

"हो. आणि माझं झाड मधल्या टेबलावर. दोन्ही पानांसकट. नाहीतर मी इथे बरी आहे, ताडपत्री आहे, नवरा आहे."

"नवरा भिजलाय," अन्सेल्मो म्हणाला.

क्लॉडेटने आभाळाकडे बघितलं, यादीकडे बघितलं, शाई सगळीकडे ओघळली होती. "उचल," ती म्हणाली. "उचल ते झाड. पण मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे, हे लक्षात ठेव. माझ्या चौदा झाडांबद्दल."

"चिड. पट्ट्या मागवू आपण, चौदाच्या चौदा बघू."

पुढचे दोन तास हॉलच्या स्वयंपाकघरातला नळ बंद झाला नाही. रुफिना एकेकाला दाखवत होती, टोकाशी चीर, मधल्या शिरेवरून खाली, दोन बाजूंना. काहींना जमलं, काहींनी झाडच मुळासकट उपटलं आणि शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्याने तिच्याकडे शेवटपर्यंत बघितलं नाही. आपली कुंडी घेऊन तो घरी निघून गेला. त्या सोमवारी कुत्सित बोललेला तोच असावा, असं तिला वाटलं. तिने त्याला थांबवलं नाही.

परीक्षक बेटाच्या पलीकडच्या कोना गावाहून आला होता, उंच, चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, हातात कार्डांचा गठ्ठा. मधल्या टेबलापाशी तो बराच वेळ रेंगाळला. चारही दांड्यांची फुलं मोजली, खाली वाकला, आणि पेन कानावरून काढलं.

"फुलं अप्रतिम आहेत. पण ही दोन पानं कुणी काढली नाहीत का?"

"मी काढली नाहीत," रुफिना म्हणाली.

"विसरलात?"

"नाही."

"मग गुण कापावे लागतील मला."

"कापा. कार्डावर लिहाही तसं. दोन पानं पिवळी, मालकिणीने ठेवली." तिने साबणाने सुरकुतलेलं बोट कार्डावर टेकवलं. "आणि इथे माझं नाव लिहा. रुफिना पास्क्वा."

ती गंमत करतेय असं वाटून तो हसला आणि पुढच्या झाडाकडे वळायला लागला. रुफिनाने बोट काढलं नाही. त्याने पेनचं टोपण उघडून लिहायला सुरुवात केली, तेव्हाच काढलं.